माती ओली, तरी दुपारी मोगरा मान का टाकतो?

बाल्कनीबाई | १८ एप्रिल, रात्री ११:१२

मंडळी, इथे वाचत असते पण धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. नवी मुंबईत घणसोलीला सातव्या मजल्यावर राहतो, बाल्कनी पश्चिमेची, दोन नंतर ऊन येतं ते सातपर्यंत मुक्कामाला. कुंड्या अकरा. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, अळू, तुळस, एक स्नेक प्लांट, पानफुटी आणि बाकी किरकोळ.

प्रॉब्लेम मोगऱ्याचा आहे. रोज साडेबारा-एकला पानं लोंबायला लागतात, दोनपर्यंत अगदी गळपटतो, बघवत नाही. बोट घालून बघते तर माती चिखल. आणि संध्याकाळी सात-साडेसातला परत टवटवीत, जसं काही झालंच नाही. सासूबाई म्हणाल्या पाणी कमी पडतंय, म्हणून एकदाचं दोनदा केलं, दोनदाचं तीनदा केलं, तर आता खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर एकाने सांगितलं पानांवर स्प्रे मारा, एकाने एप्सम सॉल्ट, एका काकूंनी सांगितलं नजर लागलीये, मिरच्या ओवाळा. मिरच्या सोडून सगळं करून झालंय.

माती ओली असताना झाड तहानेने मरतं का?

खारीगावकर | १८ एप्रिल, रात्री ११:३०

पाणी बंद करा. दोन दिवस हात लावू नका. शुभ रात्री.

टपरीवरचा_चहा | १८ एप्रिल, रात्री ११:४१

मिरच्या पण ओवाळून टाका ताई, साईड इफेक्ट नाही ;)

आडसाली | १९ एप्रिल, सकाळी ७:०५

सेम टू सेम आमच्याकडे ऐरोलीला भोपळ्याच्या वेलाचं व्हायचं. आमचं मूळ गाव सांगली जिल्ह्यात, तिकडे वडील म्हणायचे दुपारी भोपळा झोपतो, त्याला उठवायला जायचं नाही. दुपारी झोपला आणि संध्याकाळी उठला तर काळजी नाही, सकाळी उठल्या उठल्या झोपलेला दिसला तर मात्र मुळाशी काहीतरी आहे. तुमचा सकाळी कसा असतो?

बाल्कनीबाई | १९ एप्रिल, सकाळी ७:२२

सकाळी एकदम ताठ. आताच बघून आले.

मास्तर_निवृत्त | १९ एप्रिल, सकाळी १०:१८

नौपाड्यातून नमस्कार. तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलंय, त्यामुळे लांबण लागणार, ज्यांना घाई आहे त्यांनी खारीगावकरांचा प्रतिसाद पाळावा, तो बरोबरच आहे.

बाई, तुमचा प्रश्न फार मुळातला आहे. झाड पाणी पितं असं आपण म्हणतो पण प्यायलेल्यातलं शंभरातलं सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के पाणी ते पानांवाटे हवेत सोडून देतं, स्वतःकडे ठेवतं चिमूटभर. मग एवढा खटाटोप कशाला? कारण त्याला खायचं आहे. खाणं हवेत आहे, कार्बन डायऑक्साईड, आणि तो सुद्धा किती, तर हवेच्या दहा लाख रेणूंमधे सव्वाचारशेच्या आसपास. तो आत घ्यायचा तर पानाला भोक हवं. पानाच्या पृष्ठभागावर मेणाचा थर असतो, त्यातून ना हवा जाते ना पाणी, म्हणून खालच्या बाजूला बारीक बारीक रंध्रं, पर्णरंध्रं, एका चौरस मिलिमीटरमधे शंभर-दोनशे-तीनशे, जात बघून. आता गोम अशी की ज्या भोकातून कार्बन आत येतो त्याच भोकातून पाण्याची वाफ बाहेर पळते. वेगळी खिडकी नाहीये.

हिशोब करून दाखवतो, हा मी वर्गात फळ्यावर करायचो. समजा ३० डिग्री तापमान आणि ६० टक्के आर्द्रता, म्हणजे आपल्याकडची बरी दुपार. पानाच्या आतली हवा वाफेने शिगोशीग भरलेली, दहा लाखांत ४२,००० रेणू पाण्याचे. बाहेर २५,०००. फरक १७,०००. उलट बाजूला कार्बन डायऑक्साईड बाहेर ४२०, आत साधारण २९०, फरक फक्त १३०. वर पाण्याचा रेणू हलका, वजन १८, कार्बन डायऑक्साईडचा ४४, त्यामुळे पाणी १.६ पट चपळ. १७,००० गुणिले १.६ भागिले १३०, आले दोनशे नऊ. म्हणजे कार्बनचा एक रेणू आत आणायला पाण्याचे दोनशेच्या वर रेणू गेले. एक रुपयाची कोथिंबीर आणायला दोनशे रुपये रिक्षाभाडं, तेही बरी हवा असताना. कडक कोरड्या दुपारी हेच भाडं चारशेवर जातं.

म्हणून झाड भाडं परवडेनासं झालं की दार लावून घेतं. दाराची रचना बघा, प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी, घेवड्याच्या दोन दाण्यांसारख्या समोरासमोर. आतली कड जाड, बाहेरची पातळ. उजेड पडला, विशेषतः निळा उजेड, आणि आतला कार्बन डायऑक्साईड कमी झाला की या पेशी पोटॅशियम आत ओढतात, त्यामागे पाणी येतं, पेशी फुगतात, आतली कड जाड असल्यामुळे ताणली जात नाही म्हणून त्या बाहेरच्या अंगाला वाकतात आणि मधे फट पडते. दोन लांबट फुगे घ्या, एका बाजूला सेलोटेप लावा, समोरासमोर धरून फुगवा, हेच दिसेल. पाण्याची टंचाई झाली की अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक येतं, पोटॅशियम बाहेर, पाणी बाहेर, पेशी ढिल्या, दार बंद. या सगळ्यात कुठे मेंदू नाही की मज्जातंतू नाही, आणि तरी आपल्या सोसायटीच्या पाणीवाटपापेक्षा नीट चालतं.

आता तुमचा मोगरा. मला दोन शंका आहेत. एक म्हणजे मुळं गुदमरलीयेत. मुळांना पण श्वास लागतो, चिखलात ऑक्सिजन मिळत नाही, आणि ऑक्सिजन नसला की मुळांच्या पेशी पाणी आत घेण्याच्या वाटा आवळून घेतात. म्हणजे पाण्यात उभं राहून तहानलेला. तुम्ही आणखी पाणी घातलंत, तो आणखी गुदमरला. दुसरी शंका, तुम्हीच लिहिलंय की ऊन दोनला येतं आणि मोगरा साडेबाराला लोळतो. मग साडेबारा ते दोनमधे काय होतं तुमच्या बाल्कनीत?

बाल्कनीबाई | १९ एप्रिल, दुपारी १:०३

मास्तर!!! आत्ता बाहेर जाऊन उभी राहिले. शेजारच्या फ्लॅटच्या एसीचं आउटडोअर युनिट आमच्या कठड्याला लागून आहे, ते घरून काम करतात, बाराला एसी चालू होतो, आणि त्याचा गरम झोत थेट मोगऱ्यावर. इतके दिवस माझ्या डोक्यातच आलं नाही. घड्याळवालं थर्मामीटर ठेवलं तिथे, ४२ डिग्री, आर्द्रता ३६ टक्के दाखवतंय. बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला ३३ आणि ६०.

प्रश्नचिन्ह | १९ एप्रिल, दुपारी १:२०

एसी हवेतलं पाणी पण काढतो म्हणून कोरडी झाली असेल ना

मास्तर_निवृत्त | १९ एप्रिल, दुपारी ४:४४

नाही, ते पाणी आत खोलीतलं, नळीतून टपकतं ते. बाहेरच्या युनिटमधे हवा फक्त तापते, तिच्यात पाणी होतं तेवढंच राहतं. पण ३३ डिग्रीला जी हवा ६० टक्के भरलेली वाटते तीच ४२-४३ डिग्रीला तापवली की ३५-३६ टक्के भरते, कारण गरम हवेचं पोट मोठं. बाईंनी मोजलेले दोन्ही आकडे एकमेकांना किती छान जुळतायत बघा, मला वर्गात असं उदाहरण कधी मिळालं नाही. झाडाला टक्केवारीशी घेणं नाही, पानाच्या आतला वाफेचा दाब आणि बाहेरचा दाब यांच्यातल्या फरकाशी आहे, आणि तो फरक त्या झोतात दुपटीच्या वर गेला. शिवाय वारा. पानाला चिकटून दमट हवेचं एक पातळ पांघरूण असतं, पंख्याने ते सतत ओढून काढलं की पाणी आणखी वेगाने जातं.

ओले कपडे त्या युनिटसमोर किती लवकर वाळतात ते आठवा.

टपरीवरचा_चहा | १९ एप्रिल, संध्याकाळी ५:१०

आम्ही पावसाळ्यात तिथेच वाळवतो. आता झाडांची माफी मागतो.

सीवूड्सची_मेघा | १९ एप्रिल, रात्री ९:३७

मस्त धागा. मग पानांवर स्प्रे मारण्याचा काही उपयोग नाही का? मी रोज मारते, छान वाटतं.

खारीगावकर | १९ एप्रिल, रात्री ९:५०

छान तुम्हाला वाटतं. झाडाला पाच मिनिटं. धूळ जाते तेवढा फायदा.

आडसाली | २० एप्रिल, सकाळी ६:५८

मास्तर, एक जुनी शंका. आम्हाला कृषीच्या डिप्लोमाला शिकवलं की ऊस, मका, ज्वारी, बाजरी ही सी-फोर पिकं, कमी पाण्यात जास्त कार्बन घेतात. आणि इकडे आख्खा महाराष्ट्र बोंबलतो की ऊस पाणी पितो. दोन्ही खरं कसं?

मास्तर_निवृत्त | २० एप्रिल, सकाळी ११:३०

दोन्ही खरं आहे, आणि यावरून माझी आमच्या व्याह्यांशी भांडणं झालीयेत (ते ऊसवाले). भात, गहू, तूर, आंबा, मोगरा, ही सी-थ्री. यांचं कार्बन पकडणारं एन्झाइम, रुबिस्को, हे जरा वेंधळं, कार्बनऐवजी ऑक्सिजनलाच मिठी मारून बसतं, गरमीत तर जास्तच. सी-फोरवाल्यांनी आधी एक दुसरं चलाख एन्झाइम दारात उभं केलंय, ते कार्बन पकडून आतल्या खोलीत रुबिस्कोसमोर गर्दी करतं. त्यामुळे पानाच्या पोकळीत कार्बन डायऑक्साईड २९० ऐवजी १५० पर्यंत खाली जातो. माझा मघाचा हिशोब काढा, भागाकारात खाली १३० होते, आता २७०. भाडं निम्मं झालं. दार अर्धवट उघडं ठेवून पोट भरतं.

पण हे झालं किलोमागे. ऊस शेतात किती दिवस उभा असतो? तुमचंच नाव घ्या, आडसाली ऊस म्हणजे सोळा-अठरा महिने. मधला आख्खा उन्हाळा तो हिरवागार उभा, पानं पसरून. त्याची पाण्याची गरज हंगामाला १५०० ते २५०० मिलिमीटर धरतात, ज्वारीची ४५० ते ६५०. दोघेही सी-फोर. ज्वारी चार महिन्यांत घरी येते. म्हणजे उसाचा गुन्हा पानाचा नाही, मुक्कामाचा आहे. एकरी टनाने माल निघतो म्हणून किलोमागे पाणी कमी दिसतं, पण विहिरीला किलो कळत नाही, विहिरीला एकूण कळतं.

आडसाली | २० एप्रिल, सकाळी ११:५२

मुक्कामाचा गुन्हा हाहा, वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले मास्तरांना रस प्यायला बोलव. उन्हाळ्यात पाणी नसलं की आम्ही खालची वाळलेली पानं काढून सरीत पसरतो, पाचटाचं आच्छादन. कृषीवाले केओलिनची, म्हणजे चिनीमातीची, पांढरी फवारणी पण सांगायचे, पान पांढरं झालं की ऊन परत फेकतं, तापत कमी, पाणी कमी जातं.

पाणथळ | २० एप्रिल, रात्री १०:१५

तुम्ही लोक गोड्या पाण्याचं रडताय, जरा आमच्या खाडीकडे बघा. मी ऐरोलीला राहतो, फ्लेमिंगो बघायला जातो त्या बाजूची तिवरं. ठाणे खाडी २०२२ पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे वगैरे ठीक, पण लोक वर फ्लेमिंगोचे फोटो काढतात आणि समोर उभ्या झाडाने काय जुगाड केलाय तिकडे बघत नाहीत. झाडाच्या मुळाशी खारं पाणी, त्यातून गोडं ओढायचं तर समुद्राच्या पाण्याला हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण २५ पट ताण लावावा लागतो, आणि तो ताण लावतं कोण तर वरचं पान. आत आलेलं थोडं मीठ तिवर पानावरच्या ग्रंथींमधून बाहेर टाकतं. उन्हाळ्यात दुपारी पान उलटसुलट करून बघा, मिठाचे बारीक कण चमकतात, जीभ लावली तर खारट. माझे एक कोळी मित्र दिवाळे गावचे, त्यांच्या लहानपणीचा हा खेळ. पानाची खालची बाजू पांढुरकी दिसते ती बारीक लव, रंध्रं त्या लवेखाली लपलेली, म्हणजे वाऱ्याने दमट हवा उडून जाऊ नये. इतकं महागाचं पाणी आहे म्हटल्यावर तिवर ते फुंकून फुंकून वापरतं, वाढ सावकाश. भरपूर पाण्यात उभं असलेलं वाळवंटी झाड आहे ते.

बाईंचा मोगरा पण तसाच की, पाण्यात उभा आणि तहानलेला. फक्त तिवराला श्वासमुळं आहेत, चिखलातून वर पेन्सिली काढून बसतं. मोगऱ्याने कुठून काढायच्या?

बाल्कनीबाई | २१ एप्रिल, सकाळी ८:०१

पाणथळ दादा, हे वाचून काल रात्रीच मोगऱ्याखालची ताटली काढली. ताटलीत दोन इंच पाणी, आणि वास. सॉरी मोगऱ्या.

प्रश्नचिन्ह | २१ एप्रिल, दुपारी १२:१२

पान ताण लावतं म्हणजे? पान काय पंप आहे का. मी वाचलं होतं की जगदीशचंद्र बोस यांनी सिद्ध केलं की झाडाच्या खोडातल्या पेशी हृदयासारख्या धडधडतात आणि रस वर ढकलतात. आपल्या माणसाने शोधलेलं आपणच विसरतो.

मास्तर_निवृत्त | २१ एप्रिल, दुपारी ३:०६

बोस यांनी १९२० च्या दशकात तशी मांडणी केली होती हे खरं. त्यांची उपकरणं अफाट होती, लाजाळूवरचं आणि झाडांतल्या विद्युत संदेशांवरचं काम आजही मानानं घेतलं जातं. पण रस वर चढण्याची ही उपपत्ती टिकली नाही, आणि ते सांगितल्याने बोस लहान होत नाहीत. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या पेशी कामाला लागतात तेव्हा मेलेल्या असतात, नुसत्या भिंती. मेलेली पेशी धडधडणार कशी?

टिकली ती डिक्सन आणि जॉली या डब्लिनच्या दोघांनी १८९४-९५ मधे मांडलेली कल्पना. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पानात पाण्याची वाफ झाली की पेशींच्या भिंतीतलं पाणी मागे सरकतं, ते मागच्याला ओढतं, तो मागच्याला, अशी साखळी थेट मुळापर्यंत. म्हणजे पंप सूर्य चालवतो, झाडाची कवडी खर्च होत नाही. धोका एकच, फार ताणलं तर साखळी तुटते, नळीत हवेचा बुडबुडा अडकतो आणि ती नळी बाद. रंध्रं बंद करण्यामागे पाणी वाचवणं हे एक कारण झालं, दुसरं कारण ही नळी वाचवणं. ठाण्याच्या येऊरच्या जंगलात एप्रिलमधे सागाची झाडं खराट्यासारखी उभी असतात ना, त्यांनी दार लावण्याच्या पुढची पायरी गाठलेली असते, दुकानच बंद. पहिल्या पावसापर्यंत पानंच नकोत.

सीवूड्सची_मेघा | २१ एप्रिल, रात्री ८:४०

मास्तर स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतो हे खरं का? नर्सरीवाल्याने बेडरूमसाठी म्हणून साडेचारशेला दिलाय. पिंपळाचं पण तसंच सांगतात.

मास्तर_निवृत्त | २१ एप्रिल, रात्री १०:०९

उजेडाशिवाय कुठलंच झाड ऑक्सिजन बनवत नाही, ना पिंपळ ना तुमचं साडेचारशेचं. पण या अफवेच्या पोटात एक सुंदर खरी गोष्ट आहे. स्नेक प्लांट, निवडुंग, कोरफड, अननस, पानफुटी, ही मंडळी रंध्रं रात्री उघडतात. रात्री हवा गार आणि दमट, भाडं एकदम कमी. कार्बन डायऑक्साईड रात्रभर आत घेऊन आम्लाच्या रूपात पेशींच्या टाकीत साठवतात, सकाळी उजेड झाला की दार लावून त्यातला कार्बन काढून साखर करत बसतात. तर रात्री ते तुमच्या खोलीतला थोडा कार्बन डायऑक्साईड घेतात एवढंच, आणि एका कुंडीने खोलीत मोजता येईल असा काही फरक पडत नाही, खिडकी उघडा.

हे चवीने कळतं, आणि ते लिहून ठेवलं आपल्याच देशात. बेंजामिन हाइन म्हणून कंपनी सरकारच्या नोकरीत दक्षिण हिंदुस्थानात एक वनस्पतीतज्ज्ञ होता, त्याचं पत्र १८१५ मधे लंडनला छापलं गेलं. त्यात म्हटलंय की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडू. यामागची रसायनं कळायला पुढे शंभराहून जास्त वर्षं लागली, जिभेला आधीच कळलं होतं.

बाल्कनीबाई | २२ एप्रिल, सकाळी ६:३५

आत्ता चावली पानफुटी. खरंच आंबट!! चिंचेसारखी नाही, कैरीच्या सालीसारखी. दुपारी परत बघते.

खारीगावकर | २२ एप्रिल, सकाळी ७:१५

एवढुसा तुकडा चावून थुंका, गिळू नका. लोक मुतखड्यावर उपाशीपोटी खातात पण त्यात हृदयाला त्रास देणारी द्रव्यं असतात, गुरंढोरं जास्त खाऊन मेल्याच्या केसेस आहेत. प्रयोग वेगळा, औषध वेगळं.

बाल्कनीबाई | २२ एप्रिल, दुपारी ३:२०

थुंकली. आता नुसती गवतासारखी लागली, आंबट अजिबात नाही. आठवीतल्या लेकीला पण चावायला लावली, ती म्हणते सायन्सच्या पुस्तकात असं का नसतं.

तिला उन्हाळी सुट्टीत काहीतरी उद्योग हवाय, मोगऱ्यावर काही प्रयोग सांगा ना.

मास्तर_निवृत्त | २२ एप्रिल, संध्याकाळी ६:००

स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे का, दहा किलोचा? कुंडीची माती आणि कुंडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, खोडाभोवती घट्ट, म्हणजे पाणी जाईल ते फक्त पानांतून. सकाळी, दुपारी, संध्याकाळी वजन घ्या. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने तीनशे वर्षांपूर्वी सूर्यफुलाच्या कुंडीवर शिशाचा पत्रा बसवून हेच केलं, १७२७ मधे छापलं. त्याचं साडेतीन फुटी सूर्यफूल दिवसाला सरासरी सव्वा पौंड, म्हणजे पावणेसहाशे ग्रॅम पाणी हवेत सोडत होतं.

आणि रंध्रं बघायची तर पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, वाळला की सेलोटेपने उचला आणि काचेवर चिकटवा. ठसा उमटतो. फोल्डस्कोप, म्हणजे तो घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक, असला तरी चालेल. ऱ्हिओ म्हणून ते जांभळ्या पोटाचं झाड प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी असतं, त्याचं जांभळं साल सोलून बघितलं तर ठशाची पण गरज नाही, जांभळ्या फरशीत हिरवे हिरवे घेवड्याचे दाणे दिसतात.

टपरीवरचा_चहा | २२ एप्रिल, संध्याकाळी ६:२४

नेलपॉलिश, सेलोटेप, वजनकाटा. घरातली बाई नक्की ओरडणार.

बाल्कनीबाई | २४ एप्रिल, रात्री ९:४८

आकडे घ्या. मोगरा अजून त्याच जागी, मुद्दाम हलवला नाही (लेकीचा हट्ट, आधी ‘आधीचं’ मोजायचं). सकाळी पावणेसात ते बारा १९० ग्रॅम गेले. बारा ते चार फक्त ८५. चार ते सात ७०. रात्रभरात २०.

मला वाटलं होतं दुपारी सगळ्यात जास्त जाईल, झोत तेव्हाच तर असतो. उलटंच की हे.

मास्तर_निवृत्त | २४ एप्रिल, रात्री १०:३०

शाब्बास, आणि लेकीला माझ्याकडून दोन शाब्बास. दुपारी दार बंद केलं त्याने. पानं लोंबलेली दिसत होती तुम्हाला, पण त्याच वेळी तो पाणी कमी सोडत होता आणि उपाशी पण बसला होता, कारण दार बंद म्हणजे कार्बन पण बंद. वर पान तापतं. पाण्याची वाफ होताना पान गार राहतं, एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण पाऊण युनिट विजेएवढी उष्णता लागते, ती पानातून आणि भोवतालच्या हवेतून जाते, झाडाखाली गार वाटतं त्यात सावलीच्या जोडीला हाही हिस्सा. दार लावलं की तो कूलर बंद. आता जागा बदला, मुळं मोकळी करा, दोन आठवडे थांबा आणि परत मोजा.

प्रश्नचिन्ह | २५ एप्रिल, सकाळी ११:११

मग हवेत सीओटू वाढतोय ते झाडांना चांगलंच नाही का? कमी उघडून जास्त मिळणार

पाणथळ | २५ एप्रिल, दुपारी १:००

अर्धं बरोबर बोललास. १९८७ मधे वुडवर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने केंब्रिजच्या जुन्या संग्रहातली वाळवलेली पानं मोजली, दोनशे वर्षांत रंध्रांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी उतरलेली. झाडांनी खिडक्या कमी केल्या. पण त्याच गॅसमुळे तापमान वाढतं, हवेचं पोट मोठं होतं, ते मास्तरांनी सांगितलं तेच, आणि भाडं परत वाढतं. जास्त सीओटूत वाढवलेल्या गहू-तांदळात लोह आणि जस्त कमी भरतं हे पण मोजून झालंय. तेव्हा पेढे वाटू नकोस.

सीवूड्सची_मेघा | १२ मे, रात्री ९:१५

धागा वर काढते. बाल्कनीताई मोगऱ्याचं काय झालं?

बाल्कनीबाई | १४ मे, रात्री १०:४०

सांगते. २५ तारखेला कुंडीतून काढला, खालची मुळं तपकिरी लिबलिबीत, ती कापली, कोकोपीट-माती-जाड वाळू करून परत लावला, बुडाला तीन भोकं जास्त पाडली. बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. पहिला आठवडा हालत वाईट, मुळं कमी झाली म्हणून मास्तरांच्या सांगण्यावरून थोडी पानं पण छाटली. पाणी दिवसाआड एकदा, सकाळी, बोट दोन पेरं घालून माती कोरडी लागली तरच. सासूबाई रोज विचारतात, आज घातलंस का.

परवा परत मोजलं. सकाळी १९५, बारा ते चार १८०, संध्याकाळी ९५, रात्री १५. दुपारी आता पानं लोंबत नाहीत. म्हणजे पूर्वीपेक्षा पाणी जास्त सोडतोय आणि तरी टवटवीत! हे मला सासूबाईंना अजून समजावता आलेलं नाही. कळ्या आल्यात, सात.

शेजाऱ्यांशी बोलले, ते म्हणाले युनिट हलवायला माणूस बघतो. बघू. तोवर तिथे स्नेक प्लांट ठेवलाय, तो दिवसा दार लावूनच बसतो, त्याला काय फरक.

खारीगावकर | १५ मे, सकाळी ७:३०

स्नेक प्लांट घराच्या आत ठेवायचा हो. ४२ डिग्रीचा झोत त्यालाही नको. करपेल.

बाल्कनीबाई | १५ मे, सकाळी ७:४४

हलवला :(

बाल्कनीबाई | १९ जून, सकाळी ६:५०

मंडळी, पाऊस लागला आणि नवीन कोडं. अळूच्या पानांच्या टोकाला रोज सकाळी थेंब लटकलेला असतो, तासाभराने खाली टपकतो, परत नवीन येतो. अळवावरचं पाणी लगेच घरंगळतं म्हणतात, हे तर पानातूनच येतंय. दव नाही, कारण शेजारच्या कढीपत्त्यावर काहीच नाही.

मास्तर_निवृत्त | १९ जून, सकाळी ९:१२

बरोबर पकडलंत. रात्री रंध्रं बंद, हवा ओलीचिंब, वाफ जायला जागा नाही, पण मुळं क्षार आत घेत राहतात आणि त्यामागे पाणी येतं, खालून दाब तयार होतो. ते पाणी पानाच्या टोकाच्या वेगळ्या जलरंध्रांतून थेंबाने बाहेर पडतं. या जलरंध्रांना दारं नसतात, कायम उघडी. थेंब वाळू द्या, मागे पांढरट क्षार राहतो. बाकी दिवसभर वरून ओढ आणि या एका पहाटेला खालून रेटा. उंच झाडाला हा रेटा पुरत नाही, अळूला पुरतो.

आडसाली | १९ जून, सकाळी ९:३०

ताई त्या अळूचं फदफदं कधी? आणि तो वजनकाटा स्वयंपाकघरात परत गेला का?

बाल्कनीबाई | १९ जून, सकाळी ९:४१

नाही गेला. लेक आता कबुतरांच्या दाण्यातून उगवलेल्या मक्याचं वजन करतेय, सी-फोर आहे म्हणून. नेलपॉलिशचा ठसा पण घेतला, मक्याला पानाच्या दोन्ही बाजूंना रंध्रं आहेत आणि रक्षक पेशी घेवड्यासारख्या नाहीत, व्यायामाच्या डंबेलसारख्या आहेत, ऱ्हिओला वरच्या बाजूला एकही सापडलं नव्हतं. मास्तर, असं का ते सांगा, ती शेजारी बसून वाट बघतेय.